पडवीवाला, गाडीवाला आणि हळदणकरकाका

हळदणकरकाकांनी बहरीनमध्ये चौतीस वर्षं सोन्याचं काम केलं, पण त्यांच्या अंगावर मी सोन्याचा कण कधी पाहिला नाही. अंगठी नाही, साखळी नाही, साधी बटणंसुद्धा नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणत, "दिवसभर डोळ्यांसमोर तांच आसता. घराक जाताना तरी नको."

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत गेलं, की सोनारांच्या गल्लीत एक अत्तराचं दुकान लागतं. त्याला लागून एक अरुंद जिना होता. जिन्यात खालून अत्तराचा आणि वरून तापलेल्या धातूचा वास येई. दोन्ही वास जिथे एकत्र होत तिथे वळायचं, की काकांची खोली. एक खिडकी, अर्धगोल कापलेलं लाकडी टेबल, त्याखाली सोन्याचा कीस पडायला बांधलेलं चामडं, आणि टेबलामागे पासष्टीचे, सडपातळ, स्वच्छ दाढी केलेले काका. डोळ्याला भिंग. बोलायची वेळ आली की ते भिंग कपाळावर सरकवत, आणि बोलणं संपलं की तेच भिंग टेबलभर शोधत बसत. समोरच्याने कपाळाकडे बोट दाखवावं लागे.

ते दागिने घडवत नसत, दुरुस्त करत. याचा त्यांना फार अभिमान होता. "नवीन दागिनो कोणय करीत. तुटलेलो जोडूचो म्हणजे आधी तेका विचारूचा लागता, बाबा, खय तुटलंस, कशाक तुटलंस?" हे ते थट्टेने म्हणत नसत. माझ्या आईच्या पाटलीचा फासा निखळला होता म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा ती पाटली त्यांनी पाच मिनिटं नुसती हातात फिरवली. मग विचारलं, "डाव्या हातात घालतास, आणि गाडी चालवताना ह्यो हात दारावर टेकतास. बरोबर?" मी हाताकडे बघतच राहिले. अगदी बरोबर होतं.

मी मूळची पुण्याची. इथल्या एका शाळेत इतिहास शिकवते. हे कळल्यावर काकांचा चेहरा उजळला. त्यांनी खण उघडला आणि कापसात ठेवलेली एक वस्तू माझ्यासमोर धरली. "मगे बाई, माका एक सांगा. अमेरिकेत ह्या सोन्याच्या किड्याचो काय इतिहास आसा?"

तो अंगठ्याच्या नखाएवढा भुंगा होता, मागे टाचणी असलेला, छातीवर लावायचा. त्याच्या शेपटीशी बारीक खटका होता. काकांनी तो दाबला. भुंग्याचा एक पंख टपकन उघडला, दुसरा अर्ध्यात अडकला. प्रत्येक पंखात एकेका माणसाचा इवलासा फोटो होता. जुफैरला राहणाऱ्या कॅरल नावाच्या एका अमेरिकन बाईंनी तो दुरुस्तीला दिला होता. पणजोबांचा, निवडणुकीतला, एवढंच त्या सांगून गेल्या होत्या. काकांना तेवढं पुरत नव्हतं. एवढ्या हौसेने केलेली वस्तू कशासाठी केली हे कळल्याशिवाय तिला हत्यार लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मला काहीच ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या बाईंना हे कबूल करायला जड गेलं. घरी जाऊन दोन दिवस वाचलं आणि परत जिना चढले.

गोष्ट अठराशे शहाण्णव सालची निघाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि वाद होता सोन्याचा आणि चांदीचा. शहरांतल्या पेढीवाल्यांचं आणि गिरणीवाल्यांचं म्हणणं, की देशाचा पैसा फक्त सोन्यावर उभा राहावा. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, की चांदीचीही नाणी मोकळेपणाने पाडा, म्हणजे बाजारात पैसा खेळेल आणि आमच्या धान्याला भाव येईल. सोन्याच्या बाजूचे लोक छातीवर सोनेरी भुंगा लावत, चांदीच्या बाजूचे रुपेरी; पंखांत आपापल्या अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचे फोटो. सोन्याचा उमेदवार प्रचाराला घराबाहेर पडलाच नाही. तो आपल्या घराच्या पडवीत उभा राही आणि गावोगावचे लोक आगगाड्या भरभरून त्याच्या अंगणात येत. इतके आले, की हिरवळ तुडवली गेली आणि कुंपणाच्या फळ्या लोकांनी आठवण म्हणून उपटून नेल्या. चांदीचा उमेदवार छत्तीस वर्षांचा वकील होता, बोलण्यात पटाईत. तो आगगाडीने हजारो मैल हिंडला. गाडी थांबेल तिथे मागच्या डब्याच्या कठड्याशी उभा राहून बोलायचा, शिट्टी झाली की पुढच्या गावाला.

"नावां काय तेंची?" काकांनी विचारलं. मी सांगितली. त्यांनी दोन्ही नावं जिभेवर घोळवून पाहिली आणि सोडून दिली. "ऱ्हवांदेत. आपण एकाक पडवीवालो म्हणूया आणि दुसऱ्याक गाडीवालो."

पुढची आठ वर्षं ते दोघं आमच्यात याच नावांनी वावरले, म्हणून इथेही तसेच राहू देत.

मग काकांनी भुंगा कसोटीच्या दगडावर हलकेच घासला, वर आम्लाचा थेंब सोडला आणि भिंगातून पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग खांदे हलायला लागले. "बाई! सोन्याच्या बाजूचो माणूस, आणि किडो पितळेचो!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले.

पण दुरुस्ती त्यांनी हिऱ्याच्या नथीची करावी तेवढ्या निगुतीने केली. घड्याळाच्या स्प्रिंगमधून केसाएवढी तार काढून ती पंखाखाली बसवली. कॅरलबाई आल्या, तेव्हा मीही तिथे होते. त्यांनी खटका दाबला, दोन्ही पंख एकदम उघडले, तसे ते मिटून त्यांनी पुन्हा दोनदा उघडून पाहिले. त्यांच्या आजीनंतर ते दोन्ही पंख उघडलेले कुणी पाहिलेच नव्हते. "यल्ला, खलास!" चला, झालं, एवढंच काका अरबीत म्हणाले आणि कपाळावरचं भिंग शोधायला लागले. पुढच्या आठवड्यात कॅरलबाईंनी त्यांना त्या निवडणुकीवरचं एक जाडजूड, चित्रांनी भरलेलं पुस्तक आणून दिलं.

काकांना इंग्रजी कामापुरतं येई. अरबी त्याहून चांगलं, तेही वेंगुर्ल्याच्या हेलात. इंग्रजी पुस्तक वाचणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून शनिवारी दुपारी, बाजार मिटलेला असताना, मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचं आणि काकांनी बिनदुधाचा सुलेमानी चहा करायचा, असं ठरलं. मी जिन्यात असतानाच वरून हाक यायची, "बाई, आज गाडी खयपर्यंत जाणार?"

त्यांचं ऐकणं शाळेतल्या मुलांसारखं नव्हतं. मी मोठमोठे मुद्दे सांगत असे आणि ते विचारत, गाडीवाला जेवायचा कधी? घसा बसला की काय घ्यायचा? पडवीवाल्याच्या बायकोला एवढ्या पाहुण्यांचा त्रास नाही झाला? मला परत पुस्तकात शिरावं लागे. एकदा असं वाचलं, की गाडीत इतकं उकडायचं, की दोन भाषणांच्या मध्ये गाडीवाला अंगाला दारू चोळून घाम पुसायचा. स्वतः थेंब घेत नसे, पण पुढच्या स्टेशनावर लोकांना वास यायचा! काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "अरेरे. बिचाऱ्यान दारू घेतल्यान नाय ती नायच, आणि नाव मात्र खराब!" ऑगस्टमध्ये बाजारातून चालत आल्यावर ते कधी कधी अत्तरवाल्याकडे बघून म्हणत, "गाडीवाल्याचो उपाय करूचो काय?"

मला वाटलं होतं, सोनार माणूस सोन्याच्याच बाजूने असणार. तसं म्हटल्यावर काका जरा दुखावले.

"माझे बाबा चांदीचां काम करीत," ते म्हणाले. "वेंगुर्ल्यात आमचां दुकान म्हणजे एक फळी. सोन्याचां गिऱ्हाईक सावंतवाडीक जाय. आमच्याकडे येय तो शेतात राबणारो, नायतर मासे धरणारो रापणकार. पोरग्याक वाळे, बायलेक जोडवी, म्हाताऱ्याक करगोटो. एक वाळो घेवचो तर घरातली चार माणसां येत. बाबा चौघांकय पाणी देत. चांदीन आमका वाढवलां बाई. सोना मागाहून इला." आणि शेवटी, "माझां मत गाडीवाल्याक."

गाडीवाला हरणार हे मी पुढची पानं चाळून पाहिलं होतं. सांगायला दोन शनिवार टाळाटाळ केली. शेवटी सांगितलं. चार वर्षांनी, एकोणीसशे सालात, तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गाडीवाला पुन्हा हरला, हेही सांगून टाकलं. काका फारसे खचले नाहीत. त्यांचं लक्ष भलतीकडेच गेलं. दुसऱ्या वेळी पडवीवाल्याच्या बाजूनेही एक जण, त्यांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, गाडीने गावोगाव हिंडला होता. "म्हणजे शेवटी गाडी तेनीय घेतली!" काकांनी टेबलावर थाप मारली. "मगे गाडीवालो हरलो कसो?"

त्याच दुसऱ्या निवडणुकीतला एक बिल्ला पुस्तकात होता. त्यावर कामगाराचा जेवणाचा डबा काढलेला होता. आमच्या राज्यात तुमचा डबा भरलेला राहील, असा त्याचा अर्थ. काकांनी ते पान माझ्याकडून घेतलं आणि भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "डबो भरलेलो आसा, बरां आसा," ते म्हणाले. "पण तो चार माणसांत बसान खावक वेळ देय होते काय?"

हा प्रश्न कुठून आला हे मला नंतर कळलं.

आमचं इथलं मराठी मंडळ तसं जुनं. गणपती, दिवाळी, नाटक, सगळं दरवर्षी नेमाने. पण मंडळात दोन मंडळं होती, हे मान्य करायला हवं. एक आमचं, म्हणजे पुण्या-मुंबईचे इंजिनियर, बँकवाले, हिशेबनीस आणि त्यांची कुटुंबं. दुसरं तुबलीतल्या गॅरेजांतले, ड्रायव्हर, सुतार, हॉटेलांतले स्वयंपाकी, बहुतेक कोकणातले, कुटुंब गावी ठेवून आलेले. अध्यक्ष नेहमी आमच्यातला. मखर नेहमी त्यांनी बांधलेलं. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी असत, कारण शुक्रवार-शनिवार सुट्टी असलेल्या आम्हाला ते सोयीचं. त्यांची ड्युटी तेव्हा सुटलेली नसे, आणि सुटून आले तरी कामगारांच्या कॅम्पची बस लवकर परत निघे.

त्या वर्षी अध्यक्षपदासाठी निखिल साठे उभे राहिले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझ्या नवऱ्याचे मित्र, नीटनेटके आणि कष्टाळू. बुदैया रस्त्यावर त्यांचा व्हिला आहे, पुढे मोठा व्हरांडा. ते दर शनिवारी सकाळी पंधरा-वीस कुटुंबांना व्हरांड्यात पोह्यांना बोलवायला लागले. हे मी काकांना सांगितलं मात्र, त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाई! पडवीवालो गावलो!"

तोवर तुबलीचा बाबल, गॅरेजातला फोरमन, काकांच्या मागे लागलाच होता. "काका, तुमी उभे ऱ्हवा. आमचां ऐकान घेणारो दुसरो कोण नाय." काका तीन वेळा नाही म्हणाले होते. व्हरांड्याची गोष्ट ऐकल्यावर चौथ्यांदा हो म्हणाले. मला अजून वाटतं, अर्धं कारण बाबल होता आणि अर्धं ते पुस्तक.

काकांनी कधी गाडी चालवली नव्हती. बाबलच्या पिकअपमध्ये शेजारी बसून ते महिनाभर हिंडले. रस्त्यावर भाषण नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. परक्या मुलखात राहतो, कायद्याने राहायचं. गॅरेजच्या आत, कॅम्पच्या जेवणघरात, हॉटेलच्या मागच्या अंगणात, जिथे माणसं चहाला थांबतात तिथे. पाच मिनिटं बोलायचे आणि तासभर ऐकायचे. बोलणं एकाच गोष्टीवर: कार्यक्रम शुक्रवारी, सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी करूया, आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवूया.

एकदा मी बरोबर गेले. तुबलीच्या एका गॅरेजात लिफ्टवर एक ट्रक चढवलेला होता आणि खाली उलट्या ड्रमवर काका. भोवती ग्रीसने माखलेले दहा-बारा जण. काकांनी त्यांना गाडीवाल्याची गोष्ट सांगितली, अंगाला चोळलेल्या दारूसकट. सगळे खळखळून हसले. मग एक पन्नाशीचा वेल्डर, इतका वेळ गप्प असलेला, हात पुसत म्हणाला, "काका, धा वर्सां मखर मी बांधतंय. आरतीक एकदाव उभो ऱ्हवाक गावलां नाय. बांधतंय आणि बस पकडतंय."

हसणं थांबलं. काकांनी पुढे भाषण केलंच नाही. परतताना पिकअपमध्ये तुबलीच्या खाडीकडे बघत बसले होते. एकदाच म्हणाले, "मीय त्या हॉलात बसलंय, दर वर्सा. मखर बगलंय, माणूस बगूक नाय."

चार दिवसांनी काकांच्या त्या गोष्टीचा एक व्हिडिओ फिरला. गॅरेजातल्याच कुणीतरी कौतुकाने काढलेला होता. पण आमच्यातल्या कुणीतरी त्यातला दारूचा तुकडा तेवढा कापून, वर "अमेरिकेचे भावी राष्ट्राध्यक्ष" असं लिहून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. काका मालवणीत हातवारे करत अंगाला दारू चोळल्याचा अभिनय करत होते. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ते कशाबद्दल बोलत होते हे मला ठाऊक होतं, आणि तरीही पहिल्यांदा बघताना मीसुद्धा हसले. हे लिहिलं नाही तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही.

त्या शनिवारी जिना चढले तर वर कुलूप. इतक्या वर्षांत ते कुलूप त्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं, असं अत्तरवाला म्हणाला. फोन लागेना. तुबलीत बातमी पोचली होती. बाबल भडकला होता. निकाल काहीही लागो, आम्ही आमचं वेगळं कोकण मंडळ काढणार, असं तो उघड बोलत होता. आमच्याकडचे काही म्हणत होते, काढू देत.

पुढच्या शनिवारी काका टेबलामागे होते, नेहमीसारखे. चहा ठेवला. मी पुस्तक उघडलं नाही. म्हटलं, "काका, तो व्हिडिओ बघून मीही हसले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंग डोळ्यावर ओढलं आणि हातातल्या साखळीची कडी तपासत म्हणाले, "हसण्यासारख्या होताच तां. माका वायट वाटलां ते वेगळ्याचां. गाडीवाल्याची गोष्ट अर्धीच दाखवल्यानी." मग साखळी खाली ठेवून म्हणाले, "बाई, माका ती तार परत वाचून दाखवा."

गाडीवाला पहिल्यांदा हरला, तेव्हा त्याने जिंकलेल्या पडवीवाल्याला अभिनंदनाची तार केली होती. हरलेल्याने जिंकलेल्याला अशी तार करण्याची पद्धत त्याच्यापासून पडली, असं पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं. आधीच्या शनिवारी कुठे गेले होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

मतदान एका शाळेच्या हॉलमध्ये शुक्रवारी सकाळी झालं. इतकी गर्दी मंडळाने पूर्वी पाहिली नव्हती. तुबलीची माणसं धुतलेल्या शर्टांत, केस ओले करून, रांगेत उभी होती. मतमोजणी दुपारपर्यंत चालली. काका अकरा मतांनी हरले.

नाव जाहीर झालं आणि पुढच्या रांगांत टाळ्या झाल्या. मागच्या रांगांत कुणी हललं नाही. मग बाबल उठला, त्याची खुर्ची मागे कलंडली. "चला रे. बगलां मां? आपला आपण बगूया." खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, चाळीस-पन्नास माणसं एकदम उभी राहिली. पुढच्या टाळ्या बंद पडल्या. ही माणसं दाराबाहेर गेली तर परत येणार नव्हती, हे सगळ्या हॉलला कळत होतं.

काका पहिल्या रांगेच्या टोकाला होते. ते सावकाश पायऱ्या चढून मंचावर गेले, माईकपाशी थांबले आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. वाचलं ते शुद्ध पुस्तकी मराठीत, शाळकरी मुलासारखं, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"श्रीयुत साठे यांस. अध्यक्ष झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. हे सर्व आपलेच सभासद आहेत. त्यांना शुक्रवारी दुपारी जेवायला बोलवावे. आपला, रघुनाथ हळदणकर."

कागदाची घडी करून तो त्यांनी साठ्यांच्या हातात दिला. मग माईकशिवाय, मागच्या दाराकडे बघून म्हणाले, "बाबल, खुर्ची सरळ कर आणि बस."

बाबल दारात उभा होता. "काका, तेनी तुमची थट्टा केली."

"माझी केली मां? मगे माका बगूंदे. तू बस."

बाबल दारातून परत आला, खुर्ची उचलून सरळ केली आणि तिच्यावर बसला. त्याच्यामागून एकेक खुर्ची वाजत गेली.

साठे तो कागद हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मग त्यांनीही कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक कागद काढला.

"तो व्हिडिओ फिरला, त्या शनिवारी काका माझ्या घरी आले होते," ते म्हणाले. "मला वाटलं, भांडायला आले. ते व्हरांड्यात बसले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, दोघांनी एकेक पत्र लिहून खिशात ठेवायचं. हरेल त्याने वाचायचं. मीही लिहून आणलं होतं." त्यांनी कागद उघडला. "वाचायची वेळ आली नाही, पण वाचतो. हळदणकरकाका, अध्यक्ष झाल्याबद्दल अभिनंदन. माझ्या बाजूच्या माणसांनी आपली चेष्टा केली, मी ती थांबवली नाही. माफी मागतो."

या वेळी टाळ्या मागून सुरू झाल्या.

उतरताना काका माझ्या खुर्चीजवळून गेले. "शुद्ध मराठी बरां वाचलंय मां?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या भाद्रपदात गणपतीची आरती शुक्रवारी दुपारी झाली. तुबलीहून दोन बसेस आल्या. वेल्डर अगदी पुढे, मखराच्या कडेला उभा होता. आरती चालू असताना तो मूर्तीकडे कमी आणि मखराच्या एका सांध्याकडे जास्त बघत होता. आरती संपल्यावर त्याने जाऊन तो सांधा दाबून पाहिला आणि मगच नमस्कार केला. साठे कमरेला उपरणं गुंडाळून भात वाढत होते, भलताच कमी वाढत होते. बाबलने त्यांच्या हातातून भांडं घेतलं. "सायेब, असां नाय. हात सैल सोडा." काका तिसऱ्या पंगतीला बसले, वेल्डरच्या शेजारी. समितीत या, सल्लागार व्हा, असं साठ्यांनी त्यांना पुष्कळ विनवलं. काका हसून नाही म्हणाले. तुटलेलं जोडून झालं, की दागिना गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो, असं काहीसं बोलले.

एक गोष्ट मात्र झाली. साठे अधूनमधून जिना चढून वर यायला लागले. आधी बायकोच्या मंगळसूत्राची वाटी घेऊन, मग काही न घेता. शनिवारच्या वाचनाला आम्ही तिघं झालो. पुस्तक केव्हाच संपलं होतं. आम्ही ते परत पहिल्यापासून धरलं. साठे पडवीवाल्याची बाजू लढवत. सोन्यामुळे पैशाला स्थैर्य कसं आलं हे ते बँकेच्या भाषेत समजावून सांगत. काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "होय, पण तुमचो किडो पितळेचो."

गेल्या हिवाळ्यात काका कायमचे वेंगुर्ल्याला गेले. डोळे अजून चांगले होते, हातही. पण गावी असलेली पत्नी म्हणाली, पुरे आता. त्यांनी लगेच मानलं. मंडळाने निरोपाचा कार्यक्रम केला, त्यात ते काय बोलले ते मला आठवत नाही. लोक फार रडत होते आणि ते सगळ्यांना पाणी देत फिरत होते.

मला आठवतं ते जायच्या दोन दिवस आधीचं. मी बुदैयाच्या शेतकरी बाजारात भाजी घ्यायला गेले होते. हवा गार होती, ऊन कोवळं. पलीकडे कडेला एका शेतकऱ्याचा वाफा होता, गुडघ्याएवढ्या पाल्याचा, मुळ्याचा. त्या वाफ्याच्या कडेला काका उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर तसाच उकिडवा बसलेला एक म्हातारा बहरीनी शेतकरी. काका अरबीत एकामागून एक प्रश्न विचारत होते. बी किती खोल? पाणी रोज की एक दिवसाआड? वेंगुर्ल्याला नारळाखाली सावली असते, तिथे येईल का? म्हातारा प्रत्येक उत्तर मातीत बोट खुपसून देत होता, आणि काका त्याच भोकात आपलं बोट खुपसून खोली मोजून पाहत होते.

मी हाक मारणार होते. पण म्हाताऱ्याने एक मुळा उपटला, झटकला, मधोमध मोडला आणि अर्धा काकांपुढे धरला. काकांनी तो मातीसकट चावला. डोळे मिटून चावत राहिले. मग कुणाला तरी, बहुधा स्वतःलाच, मालवणीत म्हणाले, "गोड आसा!"

आणि पुढचा प्रश्न विचारायला म्हाताऱ्याकडे वळले. मी माझी पिशवी उचलली आणि गाडीकडे चालत आले.